सोमवारचा राहुकाळ

"नऊ वाजू देत," बाबा म्हणाले आणि बूट घालून पुन्हा खुर्चीत बसले.

त्यांच्या मुलीनं, चिमीनं, गाडीची किल्ली टेबलावर आपटली. डोळ्यांच्या दवाखान्यात साडेनऊला पोहोचायचं होतं. बाबांचा डावा डोळा गेलाच होता. उजव्यात आज इंजेक्शन दिलं नाही, तर तोही हातचा जाणार होता. ही वेळ मिळायला चार महिने लागले होते.

"बाबा, पावणेनऊ झालेत. रस्त्यात गर्दी लागेल."

"सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ. पंधरा मिनिटांनी काय आभाळ कोसळतंय, चिमे?"

चिमी पन्नाशीची होती आणि दिवसभर प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. चुकीचा आकडा तिला दातांत अडकलेल्या तुसासारखा सलायचा. हा राहुकाळाचा आकडा तर आई होती तेव्हापासून सलत होता. आज तिचा संयम सुटला.

"अहो, कुठले साडेसात? कॅलेंडरमागचा तो तक्ता सूर्य सहाला उगवतो असं धरून केलाय. दिवसाचे आठ भाग करायचे, सोमवारी त्यातला दुसरा भाग राहुकाळ. इथे परदेशात हिवाळ्यात सूर्य आठला उगवतो, चारला मावळतो. साडेसातला दिवसच सुरू झालेला नसतो. दिवस आठच तासांचा, म्हणजे एकेक भाग तासाचा, आणि दुसरा..."

तिनं जीभ चावली. पण बाबांनी बोटांवर हिशेब पुरा केला होता.

"नऊ ते दहा," ते म्हणाले. "म्हणजे सुई ऐन राहुकाळात टोचणार. बरं झालं सांगितलंस."

ते वाकून नाड्या सोडू लागले. तिनं कपाळाला हात लावला. इतकी वर्षं घसा कोरडा करून जे डोक्यात शिरलं नाही, ते नेमकं आज शिरलं होतं.

एक बूट निघाला. दुसऱ्याच्या नाडीवर त्यांचा हात थांबला.

"तुझ्या आईच्या छातीत इथेच कळ आली, तोही सोमवारच," ते म्हणाले. "शेजारी म्हणत होते, लगेच न्या. मी म्हटलं, नऊ होऊ देत." नाडी बोटांत धरूनच त्यांनी विचारलं, "तेव्हाही अशीच थंडी होती ना गं? सूर्य असाच उशिरा उगवायचा?"

आईचा जीव घेणाऱ्या त्या अर्ध्या तासाबद्दल तिनं त्यांना मनातून कधीच माफ केलं नव्हतं. आता ते तिच्याकडे बघत होते, म्हणजे तिचा चेहरा जिथे असेल तिथे.

"माझंच चुकलं, बाबा," ती म्हणाली. "राहुकाळ गावाकडच्या सूर्यावरच धरतात. साडेसात ते नऊ. तुमचंच बरोबर होतं."

"नक्की? तू शिकलेली आहेस, बघ बाई."

"नक्की."

असा खोटा आकडा तिनं आजवर कुठल्याही अहवालात लिहिला नव्हता.

 बाबांनी पायानं चाचपडत काढलेला बूट शोधला.

"नऊ झाले असतील."

"झाले."

पायऱ्या उतरताना त्यांनी कठडा सोडून तिचा हात धरला. समोरच्या छपरांवर सूर्य नुकताच आला होता. बाबांनी तिकडे मान वळवली नाही.