मागच्या भिंतीतले पाहुणे

मित्रांनो, शेळ्यांच्या गोठ्याची मागची भिंत ती मीच. वयाने जुनी, अंगाने मातीची आणि स्वभावाने झोपाळू. दारातून ऊन आत येऊन माझ्या पायाशी पसरले की माझा डोळा लागतो. मग स्वप्नात मला नदीचा काठ दिसतो, कारण मी तिथलीच माती. घरातल्या सासूबाई नव्या नवरी होत्या, तेव्हा त्यांनी ती भुसा घालून तुडवली आणि मला उभे केले.

पुढे गोठ्यात शेळ्या आल्या, दोन मेंढ्या आल्या. रानातून परतल्या की त्या मला टेकून रवंथ करत आणि त्यांची ऊब हळूहळू माझ्यात झिरपे. त्यांच्यातली एक शेळी भारी बोलकी. पाणी हवे म्हणून बें बें, आणि पाणी मिळाले म्हणूनही बें बें. घरातले सगळे तिला वकीलबाई म्हणत.

वर्षे गेली आणि मला भेगा पडल्या. लिंपायला कुणाला सवड नव्हती. त्या भेगांत बारीक बारीक पाहुणे राहायला आले. दिवसभर ते गप्प बसत, अंधार पडला की बाहेर जात आणि पोट फुगवून परत येत. मला बरे वाटले. आपल्यातही कुणाचे तरी घर आहे, अशा गोड स्वप्नांत मी रमले.

त्याच सुमारास शेळ्या माझ्यावर फार अंग घासू लागल्या. वकीलबाई तर माझ्यापासून हलेचना. मी भोळी, मला वाटले लाडात आली आहे. लाड कसले, मित्रांनो! तिला खाज सुटली होती. माझे पाहुणे म्हणजे गोचीड होते आणि ते तिचे रक्त पीत होते. तिचे केस गळाले, हिरड्या पांढऱ्या पडल्या, दूध आटले. तिचे करडू ढुसण्या देत रिकामी आचळे चोखत राही.

जनावरांच्या डॉक्टरांनी औषध दिले आणि गोठाही साफ करायला सांगितले. सूनबाईंनी सगळ्या शेळ्यामेंढ्या औषधाच्या पाण्याने धुतल्या, जमीन लख्ख झाडली. माझ्याकडे कुणी पाहिले नाही. चार दिवस बरे गेले, की पुन्हा तेच.

"ही काही आता जगत नाही," सासूबाई जड आवाजात म्हणाल्या. "उद्या व्यापारी येतोय. देऊन टाकू. डोळ्यांदेखत मरायला नको."

दुपारी शेळ्या चरायला गेल्या. वकीलबाईला अंगणात सावलीला बांधले होते. सूनबाई रिकाम्या गोठ्यात आल्या आणि मला पाठ टेकून रडत बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी मान खाजवली, तर बोटांत गोचीड आला.

"अहो आई, इकडे या बघू! गोठ्यात एकही शेळी नाही. मग हा आला कुठून?"

त्यांनी केसांतला आकडा काढून माझ्या भेगेत फिरवला. आतून गोचीड भराभर सांडले.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! शेळ्यांना अंघोळी घालतोय आणि ह्यांना घरजावई करून ठेवलंय!"

त्याच दुपारी दोघींनी माझ्या भेगा खरवडल्या, पेटत्या बोळ्याने भाजल्या, आत औषध फवारले आणि चुना कालवून बुजवल्या. फार दुखले. पाहुणे गेले याचे थोडे वाईटही वाटले, खोटे कशाला बोलू? पण दारातले ते भुकेले करडू दिसले आणि मी निमूट राहिले.

दुसऱ्या दिवशी व्यापारी दोर घेऊन आला. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"शेळी द्यायची नाही."

"अहो, आजारी आहे म्हणाला होतात ना?"

"शेळीचं काय घेऊन बसलात? आमची भिंत आजारी होती. तिच्यावर कालच औषधपाणी केलं."

वकीलबाईला सावरायला बरेच दिवस लागले, पण ती सावरली.

मित्रांनो, भिंतीला आजारी म्हणणारे माणूस मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिले. त्या एका शब्दाने मी घरातली झाले. तुमचे जनावर पुन्हा पुन्हा अंग घासू लागले, तर त्याचे केस सारून बघा. आणि मग त्याच्या मागची भिंतही बघा. आम्हा दोघांनाही सांगता येत नाही.