देवाच्या वाटणीची नीरा

माडाच्या शेंड्यावर दोन्ही पायांनी खोड आवळून बसलेल्या भिकूने मडक्यात बोट फिरवले, बाहेर काढले आणि उगवतीच्या उजेडात धरून पाहिले. बोट पांढरे झाले होते. चुना जागेवर होता. मग कुठे त्याने मडके कमरेच्या आकड्याला अडकवले.

खालून येसाजी ओरडला, "भिक्या, देवाच्या मडक्यातपन चुना लावलास?"

"सगळ्याच मडक्यांत लावतो."

"अरे, मग ती आंबायची कशी?"

"आंबू नये म्हनूनच लावतात तो!"

येसाजीने कपाळाला हात लावला. वेताळाची पूजाअर्चा त्याच्या घराण्याकडे होती आणि देवाच्या वतीने रागावण्याचे कामही तोच करी.

दारूबंदी येऊन पाच वर्षे झाली होती. त्याआधी भिकूच्या घरची आंबवलेली माडी पार रेवदंड्यापर्यंत नावाजलेली होती. चैत्री पौर्णिमेला तिचा पहिला घडा वेताळाला जाई, आणि त्या मानापोटी पालखीचा पुढचा खांदा भिकूच्या घरचा असे. बंदी आली तेव्हा सरकारने माडाचा रस काढणाऱ्या भंडाऱ्यांना नीरा विकायचे परवाने दिले. परवान्याबरोबर पितळी बिल्ला मिळाला, आणि त्याआधी उजवा हात वर करून शपथ घ्यावी लागली की माडी करणार नाही, करू देणार नाही. शपथ सगळ्यांनीच घेतली. ती खरी मानणारा भिकू एकटा निघाला. एकदा एका मडक्याला चुना कमी पडला, तर हा गृहस्थ चालत रेवदंड्याला जाऊन स्वतःचीच तक्रार देऊन आला. इन्स्पेक्टर मोघे साहेबांनी नियमांचे पुस्तक दोनदा चाळले, त्यात या गुन्ह्याला शिक्षा सापडेना, तेव्हा त्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवले.

या पाच वर्षांत वेताळाने शहाळ्यावर दिवस काढले. येसाजीची म्हैस आटली, दिनानाथच्या होडीला भोक पडले, गावाला नकोशा झालेल्या मास्तरांची बदली काही होईना. सगळे त्या शहाळ्याच्या माथी गेले. यंदा गावाने बसून ठरवले की देवाला माडीच द्यायची. भिकूने दिली नाही, तर पालखीला त्याचा खांदा नको.

दोन रात्री भिकूला धड झोप लागली नाही. खांदा बापजाद्यांचा, शपथ स्वतःची. वाट काढली ती त्याच्या बायकोने, आवडाबाईने.

"अवो, तुम्ही नीराच द्या. देवाच्या घड्यात वता नि हात जोडून बाजूला व्हा. फुडं देवाला काय हवं ते देव करून घेईल. शपथ तुम्ही घेतलीव, त्यानं कुठं घेतलीय?"

भिकूने या युक्तिवादात खोट शोधून पाहिली. ती सापडली नाही.

म्हणून आज, ऊन चढायच्या आत, त्याने नीरा फडक्यातून दोनदा गाळली आणि वेताळापुढच्या काळ्या घड्यात ओतली. हा घडा त्याच्या आज्याच्या वेळचा. देवाचे भांडे धुवायचे नाही, धुतले की सत्त्व जाते, अशी रीत होती. त्यामुळे तीन पिढ्यांची पुटे आत चढलेली, आणि नुसते तोंड जवळ नेले तरी आंबूस वास येई. येसाजीने वर फडके बांधले. "देव जेवताना कोनी बघायचं न्हाय," तो म्हणाला. मग तो स्वतः तिथेच पहाऱ्याला बसला.

नऊच्या सुमाराला घड्यातून बारीक सुरसुर ऐकू येऊ लागली. दुपारी फडके फुग्यासारखे वर आले.

"जेवतोय रं, जेवतोय!" येसाजी कुजबुजला. त्याचे डोळे पाणावले होते.

तीन वाजता प्रसाद वाटला. पहिली करवंटी मानाने भिकूच्या हातात आली. भिकूने ती कपाळाला लावली, डोळे मिटले आणि घोट घेतला.

जीभ एकदम मागे सरली. हे काय? आंबट, उग्र, वर नाकात झणझण! त्याचे मन झटकन सकाळकडे धावले. फडके मळके होते का? चुना कमी झाला? पण चुना तर बोटाला लागला होता. आसपास लोक मिटक्या मारत होते. कोणी म्हणाले, "बापाचा हात हाय रं पोराला!" भिकूने उरलेला घोट कसाबसा गिळला आणि ओठ पुसले.

तेवढ्यात माडांपलीकडे सायकलची घंटा वाजली. कोणीतरी निनावी कार्ड टाकले असावे. मोघे साहेब पायउतार होऊन काचेची नळी जुळवीपर्यंत गावाने पुरावा संपवला होता. घड्याच्या तळाशी बोटभर फेस उरला होता, तोही येसाजीने तीर्थ म्हणून डोक्याला लावला.

मोघे साहेब रसायनशास्त्राचे पदवीधर होते. त्यांनी घडा हुंगला, येसाजीला हुंगले, आणि नळी परत पिशवीत ठेवली.

"यात काय होतं?"

"देवाचा प्रसाद, साहेब."

"ते झालं. होतं काय?"

साहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती भिकूवर आणून थांबवली.

"भिकूशेट, तुम्ही प्यालात?"

"व्हय, साहेब."

"मग तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल तेच मी लिहीन."

येसाजीने डोळे गच्च मिटले. आवडाबाईने पदर तोंडात धरला. भिकूने बिल्ल्याला हात लावला आणि जे जिभेला कळले होते ते सांगून टाकले.

"नासलेली नीरा व्हती, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"नीरा नासली की तिलाच माडी म्हणतात, भिकूशेट."

"न्हाय, साहेब. माडी मानूस करतो. ही नुसती नासली. वाईट चव लागली."

साहेब बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. तिथे त्यांना काय दिसले कोण जाणे. त्यांनी वही उघडली आणि एक ओळ लिहिली.

"नासलेली नीरा लगेच ओतून द्यावी, असा नियम आहे."

"वतलीच की सगळी!" येसाजी पोटावरून हात फिरवीत म्हणाला.

साहेब हसले नाहीत. निदान सायकल वळेपर्यंत तरी नाही.

त्यानंतर गावाने भिकूला खांद्यावरच घ्यायचे बाकी ठेवले. पालखी उठली तेव्हा पुढचा खांदा त्याचाच होता, आणि वाटभर एकच वाक्य चालले होते: नासलेली नीरा! काय डोकं, काय डोकं! इतका सरळ मानूस, पन वेळेला कसा बोलला बघ! येसाजी तर दर दहा पावलांवर त्याच्या पाठीत थाप मारी. भिकू मान खाली घालून चालत राहिला.

घरी आल्यावर आवडाबाईने दार लोटले आणि फडताळातून पितळेचा तांब्या काढला.

"तुमच्यासाठी घड्यातली मागं ठेवलीय. आज तुमचा मान." ती हसत म्हणाली. "अवो, पन असलं खोटं तुम्हाला सुचलं तरी कसं?"

भिकूने तांब्या हातात घेतला. वास तोच होता, बापाच्या अंगाला यायचा तो. त्याने तांब्या तोंडापर्यंत नेला, तिथे थोडा वेळ धरला आणि खाली ठेवला.

"सांदणं उकडशील त्या पिठात घाल," तो म्हणाला. "फुगतील चांगली."