प्रयोग संपल्यावर

"चावतो का हा?" प्लासिडने विहिरीवरूनच विचारलं.

"आजवर कुणाला चावला नाही, पपा," रेजिना म्हणाली. केळी पोचवून मुंबईहून रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोतून ती त्या भुऱ्या कुत्र्याला घेऊन गावी, नंदाखालला, उतरली होती.

रेजिना मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायची. स्वादुपिंडातली संप्रेरकं यकृताला जास्त पित्त करायला लावतात का, हा तिच्या संशोधनाचा विषय. त्यासाठी या कुत्र्याच्या पोटात नळी बसवलेली होती. संप्रेरकाचं इंजेक्शन दिलं की नळीतून पित्त भराभर ठिबकू लागे. काम झालं की जनावराला कायमचं झोपवायचं, अशी तिथली रीत. रेजिना आपल्या विभागप्रमुख सरांच्या मागेच लागली. नळी काढवून, पोट शिवून घेऊन तिने त्याला घरी आणलं.

प्लासिडने सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळी कुत्र्यापुढे मासळीचा भात ठेवताना तो हळूच म्हणाला, "ते इंजेक्शन इझाबेलला दिलं असतं तर?"

रेजिना चमकली. तिची आई, इझाबेल, स्वादुपिंडाच्या गाठीने गेली होती. शेवटी शेवटी डोळे हळदीसारखे झाले होते. त्यानंतर पपांनी त्या दुखण्याचा शब्दही काढला नव्हता.

"उपयोग नव्हता, पपा. आईचं यकृत पित्त करतच होतं. गाठीने त्याची वाट दाबून टाकली होती. आणखी वाढलं असतं तर जाणार कुठे?"

"मी आधी झाडपाल्याचं औषध देत बसलो. त्यात दिवस गेले..."

"त्याने गेली नाही ती. लवकर नेलं असतं तरी डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं."

कुत्र्याचं खाणं होईपर्यंत प्लासिड तिथेच उकिडवा बसून राहिला. मग डोळे पुसून म्हणाला, "भुऱ्या म्हणू याला."

पुढे रेजिना सुट्टीला आली, तेव्हा भुऱ्याने चांगलंच बाळसं धरलं होतं. दिवसभर तो केळीच्या बागेतून प्लासिडच्या मागेमागे हुंदडत होता. ती ओट्यावर बसलेली दिसताच मात्र त्याचं हुंदडणं थांबलं. मुकाट्याने तिच्यापाशी येऊन त्याने पुढचा पाय तिच्या मांडीवर ठेवला आणि मान दुसरीकडे वळवली.

"बघ, तुला सलाम करतोय," प्लासिड कौतुकाने म्हणाला.

प्रयोगशाळेत सुई टोचायच्या वेळी तो असाच पाय द्यायचा. रेजिनाने ते पपांना सांगितलं नाही. तिने तो पाय दोन्ही हातांत धरला आणि नुसती कुरवाळत बसली.