शंभरातून तीन

सकाळचे सात वाजले की कलावती चहाचं पातेलं उतरवायची, मोबाइल स्टुलावर उभा करायची आणि तोंडावर भीती आणायची. हो, आणायचीच. सहासष्ट वर्षांची बाई महिनाभरात असं बेमालूम नाटक शिकली होती की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनमधल्या त्या क्वार्टरात दुसरं होतं कोण बघायला? नवरा दयाराम तीन वर्षांपूर्वी गेला. हे सगळं सोंग चालायचं ते एकुलत्या एका लेकीसाठी.

लेक गीतांजली दूर तिकडे चिली देशात, एका उजाड डोंगरावरच्या दुर्बिणीवर नोकरीला. आभाळातून भरकटत येणारे दगड शोधायचे, त्यांची वाट मोजायची आणि कोणता पृथ्वीच्या अंगावर येतो ते बघायचं, हे तिचं काम. सात वर्षांत एकदाही घरी आली नव्हती. पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी, तिचा फोन यायचा. जेवली का, बीपीची गोळी घेतली का, बरं ठेवते. चार मिनिटांत कारभार आटपायचा.

मग एक दिवस टीव्हीवाल्यांनी आकाशपाताळ एक केलं. एक मोठा दगड पृथ्वीकडे निघालाय, आठ वर्षांनी आदळण्याची शक्यता शंभरातून तीन! लाल पट्ट्या काय, भोंगे काय, विचारू नका. त्याच दिवशी, रविवार नव्हता तरी, गीतांजलीचा फोन आला.

"आई, टीव्ही पाहून घाबरली नाही ना?"

कलावती तेव्हा मेथी निवडत होती. आठ वर्षांनी आपण चौऱ्याहत्तरच्या, तोवर राहिलो तर राहिलो, असा तिचा रोकडा हिशोब. दगडाचं तिला काडीचंही भय वाटलं नव्हतं. पण लेकीचा आवाज असा अवचित कानावर पडला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "घाबरली वं बाई. झोपच नाही लागून राहिली."

"मग मी रोज फोन करते. रोज काय मोजलं ते सांगत जाईन तुले."

झालं! तेव्हापासून रोज सातला फोन. इथली सकाळ म्हणजे तिथली रात्र, गीतांजली कामावर बसायच्या आधी बोलायची. आधी दगडाचा आकडा, मग इकडचं तिकडचं. चार मिनिटांची चाळीस झाली. लेक भात कशात शिजवते, तिला थंडी किती वाजते, केस किती गळतात, सगळं कलावतीला महिन्याभरात कळलं. आधीच्या सात वर्षांत यातलं अक्षर माहीत नव्हतं.

"खरंच मोठा पडला तर काय होते वं?" एकदा तिने विचारलं. तोपर्यंत तिला त्यात गोडी लागली होती.

"हा पडला तर एखादं शहर जाईन, आई. पण सहा कोटी साठ लाख वर्षांआधी एक पडला होता. आपल्या घरापासून कुम्हारीपर्यंत लांब धर, दहा-बारा किलोमीटर, तेवढा. धूळ अन् काजळी आभाळात चढली. कित्येक महिने धड ऊनच पडलं नाही. झाडं मेली, झाडं खाणारे मेले, मग त्याइले खाणारे. डायनासोर तेव्हाच संपले. चारातल्या तीन जातींचे जीव कायमचे गेले."

"बाप्पा! मग वाचलं कोण?"

"लहान लहान जीव. बिळात राहणारे, उंदरासारखे. भेटन ते खाऊन दम धरून राहिले."

ते बिळातलं जनावर कलावतीच्या मनात बसलं. दिवसभर भांडी घासताना तिला त्याचीच दया येत राहिली.

आता तुम्ही म्हणाल, लेकीचा एवढा ध्यास होता तर सरळ विचारावं ना बाईने, कधी येतेस म्हणून! तिथंच तर घोडं पेंड खात होतं. दयाराम चौतीस वर्षं ब्लास्ट फर्नेसवर, कारखान्यातल्या लोखंडाच्या भट्टीवर होता. भट्टीवर जाणाऱ्या माणसाला 'कधी येणार' म्हणून टोकायचं नाही, हे सासूने लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. तरीही नव्या नवरीने एकदा विचारलंच. नेमकी त्या दिवशी त्याला डबल शिफ्ट पडली, निरोप कुठून येणार, आणि ती रात्रभर दारात देवाचा धावा करत बसली. त्यानंतर तिने जाणाऱ्या कुणालाच ते विचारलं नाही.

लेक निघाली तेव्हा तिच्या हातावर दही ठेवलं आणि ओठ आवळून घेतले. दयाराम गेला तेव्हा लेकीला वेळेत विमान मिळालं नाही. "आता येऊन काय करू मी, आई?" असं ती फोनवर हुंदके देत म्हणाली आणि थांबली. 'कधी येतेस' हे कलावतीच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण ती म्हणाली, "तुझं काम पाह्य, बाई." चार मिनिटांचे फोन तेव्हापासूनचे.

काल दुपारी शेजारची पायल कढीपत्ता न्यायला आली. पोरगी कॉलेजात जाते, मराठी तिची घरापुरती.

"काय वं, टीव्हीवर दगडाचं काहीच नाही दाखवत आता?" कलावतीने विचारलं.

"अरे काकू, वो तो कब का खतम हो गया! बारा दिवस झाले. झीरो. बाजूनं निघून जाणार आहे."

"पण गीता तर सकाळीच म्हणे, अजून मोजून राहिलो."

"दीदीचंच तर काम आहे ना ते? उनको नहीं पता होगा क्या?" पायल कढीपत्ता घेऊन गेली.

कलावती मोरीवर भांडी घासायला बसली. आधी रागच आला. खोटारडी! आईशी खोटं बोलते, तेही बारा दिवस! मग राग कुठल्या कुठे गेला. पोरगी का खोटं बोलत होती, हे तिच्याइतकं कोणाला कळणार होतं? दोघी मायलेकी एकाच दगडाच्या आडोशाला बसून बोलत होत्या.

आज सातला फोन आला.

"आज किती?" कलावतीने विचारलं.

"दीड, आई. कमी झालं. पण अजून... अजून महिनाभर लागन मोजायले."

महिनाभर! नुसतं 'बरं' म्हटलं असतं तर आणखी तीस सकाळी पदरात पडल्या असत्या. खरं बोललं तर पुन्हा ते रविवारचे चार मिनिटांचे फोन.

"गीता, झीरो झाला म्हणे तो. बारा दिवसांआधीच. पायल सांगून गेली."

पडद्यावर लेकीचा चेहरा पडला. "आई, मी..."

"थांब. मीबी खोटंच बोलली. भेली नव्हती मी. एक दिवसबी नाही."

मग कलावतीने जन्मभराचा नेम मोडला.

"कधी येशीन वं तू?"

गीतांजलीने तोंडावर हात घेतला. "तू कधी विचारलंच नाही, आई. बाबा गेले तेव्हाबी नाही. मले वाटलं तू रागावली. मी नकोच तुले."

"अवं, जाणाऱ्याले टोकू नाही म्हणून! तुया बाबालेबी एकदा सोडून नाही विचारलं मी कधी."

"मी काय भट्टीवर गेली होती का?" लेक हसली की रडली, कळलं नाही. नाक पुसत म्हणाली, "एप्रिलात सुट्टी भेटते. पाच महिने आहेत अजून. लय होते ना?"

"होऊ दे," कलावती म्हणाली. "सात वर्षं मुकाट्यानं वाट पाहिली. आता तुले सांगून वाट पाहीन."