पाचवा टाका

"चार टाके आवळ बाई, पाचवा ठेव सैल,
नाही तर लेकराची मान कशी जाईल?"

आत्याचा हा आवाज भिंगरीच्या कानात लहानपणापासून मुक्कामाला होता. आई गेल्यावर आत्यानंच तिला वाढवलं. पोर एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी हे नावही तिचंच. आत्या स्वेटर विणायची आणि टाके आकड्यांनी न मोजता गाण्यानं मोजायची. पाचवा टाका सैल सोडला की गळा ताणतो, डोकं अलगद बाहेर येतं, आणि पोर वाढलं तरी स्वेटर दोन हिवाळे जास्त पुरतो.

भिंगरी शिकली, दूरच्या शहरात प्रयोगशाळेत लागली. काही मुलांच्या हृदयाला जन्मतःच भोक असतं. त्यावर शिवायची जाळी ती बनवत होती. मूल वाढतं तसं हृदय वाढतं. जाळी मात्र होती तेवढीच राहायची आणि कडेला फाटायची. सहा वर्षं हेच चाललं. एका दुपारी थंडीनं काकडून तिनं आत्याचा जुना स्वेटर चढवला, आणि डोकं बाहेर काढता काढता तशीच थबकली. गळा ताणला होता आणि पुन्हा मिटलाही होता.

जाळीतही पाचवा टाका सैल सोडायचं तिनं ठरवलं, पण विणायचं यंत्र त्याला चूक समजून परत परत आवळायचं. यंत्र चालवणारा म्हणाला, बाई, ही तर खोट आहे. खोटच हवीय, ती म्हणाली. जाळी टिकली.

बैठकीत साहेबांनी विचारलं, हे सुचलं कसं? खोलीभर मोठमोठी शिकलेली माणसं. स्वेटर म्हणायला तिची जीभ रेटेना.

"गणितातून," ती म्हणाली.

तो शब्द मग काट्यासारखा सलत राहिला. दर रविवारी आत्याला फोन जायचा, तो महिन्यावर गेला, मग आठ महिने गेलाच नाही. खोलीत एकच कप विसळायचा, एकच खुर्ची ओढायची. कुणाशी बोलावं तर जिच्याशी बोलायचं, तिचीच चोरी केलेली. अशात शोधाच्या हक्काचा कागद सहीसाठी आला. 'शोध कोणाचा' याखाली तिचं एकटीचं नाव छापलं होतं. कागद पिशवीत घालून तिनं बस धरली.

आत्याच्या दाराला कडी लावलेली नव्हती. आत्या खिडकीशी विणत बसली होती, डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं, नजर आता बोटांत उतरलेली.

"वाट चुकलीस की काय ग?" पाऊल ओळखून, मान वर न करता आत्या म्हणाली.

मग आत्याच बोलत राहिली. शेजारणीनं पेपर वाचून दाखवला होता. गणितातून सुचलं म्हणे. शेजारीण म्हणाली, पोर हुशार निघाली. आत्या तिला म्हणाली होती, हो तर, शाळेत गणितात काठावर पास व्हायची, तेही मी देवाला साकडं घातलं म्हणून. एवढं सांगून ती हसली, आणि मग हसू आपोआप विरून गेलं. फोनचं तिनं विचारलं नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर फोन मात्र झाडून पुसून ठेवलेला होता.

भिंगरीनं जाळीचा तुकडा काढून आत्याच्या तळहातावर ठेवला. नखाएवढा, कोळ्याच्या जाळ्यासारखा हलका. आत्याचं बोट कडेकडेनं सरकत गेलं. ओठ हलू लागले, आवाज नव्हता. चार टाके झाले. पाचव्यावर बोट थांबलं, आणि बराच वेळ तिथंच राहिलं.

"यंत्राला हे कुणी शिकवलं ग?" आत्यानं हळूच विचारलं.

भिंगरी खुर्चीवरून उठून तिच्या पायांशी बसली. गणित हा शब्द पुन्हा जिभेवर आला होता. तो तिनं गिळला.

"तू शिकवलंस, आत्या. टाका तुझा आहे. मी सगळ्यांना माझा सांगितला. म्हणून तुला फोन करायला तोंड राहिलं नव्हतं. या कागदावर आधी तुझं नाव लिहायचंय. पेन आणलाय मी."