फासळीचे सहा मिलिमीटर

विन्सेंटीकाका खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. आयुष्यात त्यांनी एकच मोठं खोटं सांगितलं आणि पुढची सात वर्षं ते सांभाळत बसले.

सहासष्ट साली ते कंत्राटावर पूर्व जर्मनीत, रोस्टॉकला गेले होते. अकरा महिन्यांनी नवा कोट घालून परत आले आणि आपण तिकडे जहाजं बांधत होतो असं लाकूडगिरणीतल्या लोकांना सांगून बसले. प्रत्यक्षात ते जहाजबांधणीच्या कारखान्यातल्या कामगारांच्या खाणावळीत बटाटे सोलत होते. आजूबाजूला सगळे आपलेच पोलिश, त्यामुळे जर्मन भाषाही वीस-पंचवीस शब्दांच्या पुढे गेली नाही. हे फक्त त्यांच्या बायकोला, अपोलोनियाकाकूंना ठाऊक होतं. मला हे सगळं बऱ्याच उशिरा, त्या दोघांच्याच तोंडून कळलं.

पोलंडमधल्या आमच्या आउगुस्तूफ गावात कुणाला जर्मन कागद आला की तो विन्सेंटीकाकांकडे जायचा. बहुतेक वेळा औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी नाहीतर शिलाई मशीनचं माहितीपत्रक असायचं. चित्र बघून, थोडं अंदाजाने, काका वेळ मारून नेत. चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत मात्र रेगिना बोटीचे नकाशे घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली.

रेगिना माझ्याबरोबर इस्पितळात नर्स होती, चौतीस वर्षांची, काकांच्याच अंगणात वरच्या मजल्यावर राहायची. ती आणि मी नेत्स्को तलावावरच्या क्लबात शीडबोटी चालवायला जायचो. चालवायचो म्हणजे काय, पुढे बसून दोऱ्या ओढायचो. सुकाणू कायम पुरुषांच्या हातात. रेगिनाने दोन वर्षं बोट मागितली आणि दोन वर्षं तिला "पुढच्या मोसमात बघू" हे उत्तर मिळालं. शेवटी शर्यतीसाठी आलेल्या एका जर्मन माणसाने तिला एकट्याने चालवायच्या लहान शर्यतीच्या बोटीचे नकाशे दिले, सात मोठे कागद. घरच्या घरी बांधता येईल अशी ती लाकडी बोट होती. पण मापं काटेकोर हवीत, नाहीतर शर्यतीआधीच्या मोजणीत बोट बाद आणि शर्यत बंद.

"काका, जहाजं बांधलेला माणूस आणि जर्मन येणारा माणूस एकाच घरात मिळतोय मला," रेगिना म्हणाली. "आता तुम्ही नाही म्हणू नका."

काकूंनी स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून नवऱ्याकडे पाहिलं. काका म्हणाले, "आण बघू."

त्या दिवसापासून काकांची झोप उडाली. रेगिनाने अंगणातली लाकडाची शेड रिकामी करून घेतली. ती एकेक कागद पसरायची, काका चष्मा पुसत पुसत त्यावर वाकायचे. आकडे तर आकडेच होते, चित्रंही स्पष्ट होती, त्यामुळे बरंचसं निभावलं. पण फासळ्यांच्या, म्हणजे बोटीच्या सांगाड्यातल्या आडव्या लाकडांच्या, कागदावर खाली बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या आणि त्यांच्या शेजारी चित्र नव्हतं. रेगिनाने त्यावर बोट ठेवलं. काकांनी चष्मा पुन्हा पुसला आणि सांगितलं, "घासून अगदी गुळगुळीत करा, असं लिहिलंय." रेगिनाने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं, बरं म्हणाली आणि कागद गुंडाळला.

ती पाचही फासळ्या एकटीनेच कापत होती, ड्यूटी संपवून आल्यावर. काका सकाळी शेडच्या दारातून डोकावायचे. ती खुश असायची, आणि यांना आपलं खोटं आठवायचं. त्या दोन ओळी त्यांनी सिगारेटच्या पाकिटावर उतरवून घेतल्या होत्या, अक्षर न् अक्षर चित्रासारखं. ग्रंथालयात शब्दकोश होता, पण तिथल्या बाईंना कळलं म्हणजे गावाला कळलं. एप्रिलमधल्या एका गुरुवारी गिरणीत दात दुखतोय असं सांगून ते बसने सुवाल्कीला गेले आणि तिथल्या वाचनालयात कोश मांडून बसले. दोन ओळींना दोन तास लागले. अर्थ निघाला तो असा: दिलेली मापं बाहेरच्या फळीच्या बाहेरच्या कडेपर्यंत आहेत, फासळ्या कापताना फळीची जाडी, सहा मिलिमीटर, वजा करावी.

काका मला म्हणाले होते, "ब्रोन्का, परतीची बस सुटायला आली तरी मी त्या दोन ओळी पुन्हा पुन्हा लावून बघत होतो."

दोन्ही बाजूंनी सहा-सहा म्हणजे बोट बारा मिलिमीटर जास्त रुंद होणार. नियमात फरकाची सवलत होती आठ मिलिमीटरची. फासळ्या तर साच्यावर उलट्या उभ्या राहिल्या होत्या. रविवारी मी मदतीला जाणार होते आणि आम्ही दोघी लांब पट्ट्या फासळ्यांवर चिकटवून पक्क्या करणार होतो. एकदा त्या चिकटल्या की सगळं संपलं. घरी येऊन काकांनी काकूंना सांगितलं. काकू बटाटे किसत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "वित्सेक, आत्ताच्या आत्ता वर जा आणि तिला सांग. आज शरम वाटेल, जूनमध्ये बोट मोजणीत बाद झाली की तिच्यापुढे उभासुद्धा राहू शकणार नाहीस."

काका जिना चढले. रेगिनाच्या दारापर्यंत गेले. आत ती रेडिओबरोबर गुणगुणत होती. ते खाली आले आणि काकूंना म्हणाले, झोपलीय ती.

शुक्रवारी त्यांना दुसरीच युक्ती सुचली. शनिवारी रेगिनाची सकाळी सात ते संध्याकाळी सात अशी ड्यूटी. बारा तासांत पाच फासळ्या सहा-सहा मिलिमीटरने रंधून काढायच्या, कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. ती फाटकाबाहेर पडताच ते शेडमध्ये शिरले. नकाशे रेगिनाच्या खोलीत, कुलपात होते. फासळी आहे तशी मोजून बघावी हे त्यांच्या मनात आलंच नाही. आपण सांगितलं तसंच तिने कापलं असणार, एवढंच डोक्यात होतं. त्यांनी मधल्या, सगळ्यांत रुंद फासळीवर कडेपासून सहा मिलिमीटर आत पेन्सिलने रेघ मारली आणि रंधा चालवायला सुरुवात केली.

दुपारपर्यंत एकच फासळी झाली. खांदा भरून आला होता, फाटक वाजलं की ते रंधा थांबवून दाराआड व्हायचे. दुसऱ्या फासळीची एक बाजू अर्धी झाली आणि रंध्याचं पातं लाकडातल्या पितळी स्क्रूला लागून कोपऱ्यात तुटलं. मग त्यांचा धीरच सुटला. भुसा पोत्याखाली सरकवून ते घरी गेले आणि तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहिले.

रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा रेगिनाने पट्ट्या वाकाव्यात म्हणून पाण्याने ओल्या करून ठेवल्या होत्या. चिकटवण्याआधी शेवटचं एकदा मोजून घेऊ, म्हणून तिने टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. मधल्या फासळीवर ती थांबली. टेप काढला, परत लावला. मग मला म्हणाली, "तू वाच."

मी वाचलं. तिच्या वहीतल्या आकड्यापेक्षा ते बारा मिलिमीटर कमी होतं.

तिसऱ्यांदा मोजून ती खाली बसली आणि आठवायला लागली: ही फासळी कापली तेव्हा मी सलग दोन पाळ्या करून आले होते का, वही उलटी धरली होती का, डोळ्यांवर झोप होती का. मला ती इस्पितळात कधीच अशी दिसली नव्हती. तिथे रक्ताच्या थारोळ्यातही तिचा हात हलत नसे. मी दुसऱ्या फासळीकडे बघितलं. एका कडेला वरचं अर्धं लाकूड ताजं, पिवळंधमक होतं. मी पायाने पोतं बाजूला सारलं. खाली भुसा होता.

तेवढ्यात विन्सेंटीकाका दारात आले. रात्रभर न झोपलेला माणूस दिसतो तसे दिसत होते. आम्हाला बघून ते चाचरत म्हणाले, "रेगिना, ती थोडी कमीच असायला हवी ना?"

"कमी केलेलीच होती, काका. फेब्रुवारीतच."

काका तिथल्या ओंडक्यावर बसले.

"त्या ओळीत सहाचा आकडा होता," रेगिना हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही म्हणालात, घासून गुळगुळीत करा. त्यात सहा कुठे होता? म्हणून मी आमच्या म्हाताऱ्या डॉक्टरांना दाखवलं. ते व्हिएन्नात शिकलेत."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? की तुम्हाला जर्मन येत नाही?" तिचा आवाज चढला. "मी तुमची लाज राखायला गप्प बसले, आणि तुम्ही माझ्या पाठीमागे माझ्या बोटीवर रंधा चालवलात. निदान मोजायचं तरी होतं हो! जहाजं बांधलीत ना तुम्ही?"

काकांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. रेगिनाला ते लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा ती म्हणाली, "घरी जा तुम्ही आता." ओरडली नाही, पण मला वाटलं त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

चार दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. फासळ्या नव्याने कापायच्या तर तसं प्लायवूड परत मिळायला निम्मा उन्हाळा गेला असता आणि मोजणी जूनच्या पहिल्या आठवड्यात होती. काकूंनी किसलेल्या बटाट्याची जाड वडी, बाबका, भाजून वर पाठवली, ती तिने घेतली, पण ताट माझ्याच हातून परत पाठवलं. पाचव्या दिवशी काकांनी गिरणीतून सरळ रेषांच्या पाइनच्या पट्ट्या आणल्या, बरोबर सहा मिलिमीटर जाडीच्या, दहा वेळा मोजलेल्या. त्या त्यांनी शेडच्या दाराशी ठेवल्या आणि निघून गेले. लाकडातलं मात्र त्यांना कळायचं. पट्ट्या निर्दोष होत्या. रेगिनाने त्या दोन्ही फासळ्यांना चिकटवून जोडल्या आणि शिकंजे आवळायला माणूस कमी पडला तेव्हा खिडकीतून हाक मारली, "काका, या."

पुढचा महिनाभर शेडमध्ये कामापुरतंच बोलणं व्हायचं. रेगिनाला एकच घोर लागला होता, मोजणीदार हा सांधा चालवून घेईल का. काकांना दोन घोर होते, एक हा आणि दुसरा आपलं खोटं उघडं पडण्याचा.

मोजणीदार वॉर्सॉहून आला. अबोल, बारीक माणूस. क्लबच्या अंगणात बोट उलटी ठेवली होती आणि अध्यक्ष झिगमुंत यांच्यासकट सगळे गोळा झाले होते. त्याने बाहेरून साचे लावले, आकडे लिहिले. मधली रुंदी पाच मिलिमीटर जास्त निघाली, सवलतीत बसणारी. मग बोट सुलटी करून तो आत वाकला आणि त्याची पेन्सिल त्या पट्टीवर थांबली.

"हे कशासाठी?"

"कापताना चूक झाली," रेगिना म्हणाली. "माझ्याकडून."

मी काकांकडे बघितलं. त्यांनी टोपी काढली आणि परत घातली. मोजणीदाराने नखाने सांधा दाबून पाहिला, ठोकून पाहिला, कितीतरी वेळ वहीत लिहीत राहिला. शेवटी म्हणाला, "बाहेरचा आकार बरोबर आहे. सांधा पक्का आहे. चालेल." आणि त्याने शिक्का मारला. रेगिनाने माझा हात इतका आवळला की बोटांवर वळ उठले. क्लबातले लोक मात्र काकांच्या पाठीवर थापा मारत होते. रोस्टॉकचा हात लपत नाही, म्हणत होते.

काका त्या दिवशी जेवले नाहीत, असं काकू सांगतात.

पुढच्या रविवारी शर्यत होती. रेगिना पाण्यात गेली, नऊ बोटींत एकटी बाई. आम्ही धक्क्यावर उभे होतो. वारा चढत होता आणि तिची बोट दुसऱ्या वळणावर इतकी कलली की तळ दिसला. नेमके त्याच वेळी अध्यक्ष झिगमुंत काकांजवळ आले. क्लबने आता अशाच चार बोटी बांधायच्या ठरवल्या आहेत, म्हणाले, जर्मनीतून आणखी कागद येताहेत, तुम्हीच ते वाचायचे आणि तुम्हीच काम बघायचं.

काकांची नजर पाण्यावरच होती. ते म्हणाले, "मला जर्मन येत नाही."

झिगमुंत हसले. आणखी दोघं हसले.

"खरंच येत नाही. रोस्टॉकला मी खाणावळीत होतो. बटाटे सोलत होतो. बोटीतली ती चूक रेगिनाची नव्हती, माझी होती. तिची चांगली फासळी मी बिघडवली."

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. "अकरा महिने," काकू शांतपणे म्हणाल्या. "पण सालं मात्र पातळ काढायचा."

आता कुणी हसलं नाही. काका काठाकाठाने पुढे, दगडांपर्यंत निघून गेले. मी त्यांच्या मागे गेले. ते दगडावर उभे राहून रेगिनाचं शीड शोधत होते.

रेगिना सहावी आली. तीन पुरुष तिच्या मागे होते आणि त्यांतला एक तर नेहमी तिला पुढे बसवून दोऱ्या ओढायला लावणारा होता. किनाऱ्याला लागली तेव्हा ती कमरेपर्यंत भिजलेली होती, बोटीत घोटाभर पाणी होतं. तिने आधी वाकून मधल्या फासळीवरून हात फिरवला आणि मग वर बघितलं. काका गुडघाभर पाण्यात उतरून बोटीचं नाक धरून उभे होते.

"काका, बूट भिजले तुमचे," ती म्हणाली.

"मी सांगितलं त्यांना," काका म्हणाले. "सगळं."

रेगिनाने शिडाची दोरी सोडली. शीड फडफडत खाली आलं.

"बरं केलंत," ती म्हणाली. "आता धरा नीट, ब्रोन्का आली की उचलू या."