आकाशाचा कौल

दिवेलागणीला रहिमतपूरच्या माळावर माणूस मावत नव्हता. मधोमध उंच बांबू, त्याच्या शेंड्याला कॅमेरा आणि खाली पाटावर यंत्राचा डबा व त्याची चकतीसारखी अँटेना; डब्यातून वर कॅमेऱ्यापर्यंत तार गेलेली. कुणी हात न लावता वरचा फ्लॅश फक्कन उजळे आणि गर्दी "उदं गं आई, उदं!" म्हणून ओरडे.

"देवाला फुलं चिकटवून कौल मागायचे दिवस गेले, बाळांनो!" अंतराळबाबा गर्जला. "आता आई उपग्रहात बसलीय. उजेड पडला तर होकार, अंधार राहिला तर नकार!"

आईला घरदार सोडून इतक्या उंच राहायला का जावं लागलं, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

हिंदुरावांनाही नाही. खरं तर हे पलटणीतून निवृत्त झालेले गृहस्थ बुवा दिसला की शिव्या घालणारे. पण असलं यंत्र त्यांनी पलटणीत पाहिलं होतं. वाळवंटात ते उपग्रहाच्या संदेशावरून गाड्यांना वाट दाखवी. त्यांचा भरवसा बाबावर नव्हता, यंत्रावर होता. "मशीन खोटं बोलत न्हाई," असं त्यांनी सुनेला, रंगूबाईला, बजावलं होतं. नात साक्षी तापानं फणफणली होती, मान ताठ झाली होती. साताऱ्याच्या दवाखान्यात न्यावं का, असा कौल त्यांनी काल मागितला. फ्लॅश लागला नाही. आजही लागेना.

"आवं मामंजी, पोरगी हाक मारली तरी डोळं उघडंना," साक्षीला मांडीवर घेऊन बसलेली रंगूबाई रडत म्हणाली. "आजून किती वाट बगायची?"

तेवढ्यात साक्षीला शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मायाबाई गर्दीतून वाट काढत आल्या. पोरीची मान पाहताच त्या कडाडल्या, "हिला अजून इथं का ठेवलंय?"

"कौल मिळंना, बाई," हिंदुराव म्हणाले.

मायाबाई तडक पाटाकडे गेल्या. बाबानं अँटेनावर कुंकवाचं तांब्याचं तबक ठेवलं होतं.

"तारेला शिवशील तर जळशील!" बाबा ओरडला. "काल एका नास्तिकाला आईनं झटका दिलाय!"

"फ्लॅशच्या तारेत शेकडो व्होल्ट असतात आणि तुम्ही जोड उघडा टाकलाय. कॉलेजात असताना आम्ही असाच कॅमेरा आणि असलंच यंत्र फुग्याला बांधून नदीकाठाचे फोटो काढायचो. कॅमेरा आणि यंत्र थेट जोडायचं नसतं. मधे दोघांची वीज वेगळी ठेवणारा भाग लावायचा, जोडावर टेप गुंडाळायची. हा आईचा कोप नाही, तुमचं गचाळ वायरिंग आहे."

तारेला न शिवता त्यांनी तबक उचललं. काहीच झालं नाही.

"बघा, आई रुसली!" बाबा हसला. हिंदुरावांचा जीव टांगणीला लागला. आणि फ्लॅश उजळला. परत उजळला. मायाबाईंनी तबक ठेवलं, अंधार झाला. उचललं, की थोड्या वेळानं पुन्हा उजेड.

"धातूखाली उपग्रहाचा संदेश पोचत नाही," त्या गर्दीला म्हणाल्या. "संदेश मिळाला, की डबा ठरावीक वेळानं कॅमेऱ्याचा खटका दाबतो. झाकायचं कधी ते बाबा ठरवतो. आजारी माणसं दवाखान्यात गेली, तर याच्यापुढं बसणार कोण?"

"पर बाई, मशीन तर खरं हाय न्हवं?" हिंदुरावांनी विचारलं.

"खरं आहे. पण आपण कुठं उभे आहोत, एवढंच ते सांगतं. पोरीला काय झालंय, ते त्याला काय ठाऊक?"

हिंदुरावांनी नातीला उचललं आणि साताऱ्याला न्यायला माळाच्या कडेला उभ्या जीपकडे धाव घेतली. सबंध वाटेत ते स्वतःलाच शिव्या देत होते.

मेंदूज्वर होता. साक्षी वाचली, पण तिचे दोन्ही कान गेले. आदल्या दिवशी आणलं असतं तर कदाचित वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले.

पुढं शाळेच्या पटांगणात सभा भरली, तेव्हा हिंदुराव उभे राहिले. "देवाला नमस्कार करा, मी आडवत न्हाई. पर दुखणं डॉक्टरला दावा. आन् कुनी चमत्कार दावला, तर त्यावर काय झाकलंय, ते आदी उचलून बगा. मी शिकल्याला मानूस, मशीन बघून भुललो."

साक्षी पुढंच बसली होती. आजोबांचे ओठ हलताना ती टक लावून पाहत होती. त्यातलं एक अक्षरही तिला ऐकू येत नव्हतं.